‘स्वातंत्र्य’ नावाचे जहाज

(लिथुआनियाच्या ऊर्जास्वावलंबनाविषयी एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काहींच्या मनात प्रश्न आला असेल. युरोपच्या ईशान्य कोपऱ्यात, बाल्टिक समुद्राच्या काठी लिथुआनिया नावाचा एक चिमुकला देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे पासष्ट हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस लाख. एकट्या पुणे शहरात याहून अधिक माणसे राहतात. अशा देशाच्या विजेचा आणि इंधनाचा हिशेब आपण इथे बसून का ऐकायचा?

ऐकायचा तो अशासाठी की, राष्ट्राचे स्वातंत्र्य घोषणेने मिळते, पण टिकते ते चुलीपासून दिव्यापर्यंतच्या व्यवहारात, हे या देशाने पस्तीस वर्षांत पावलोपावली अनुभवले आहे. ध्वज स्वतःचा, संसद स्वतःची, राष्ट्रगीत स्वतःचे. पण घर तापविणाऱ्या वायूची कळ मात्र दुसऱ्याच्या हातात. अशा अवस्थेत एखादे राष्ट्र किती स्वतंत्र असते? लिथुआनियाची गोष्ट म्हणजे या प्रश्नाचे तपशीलवार उत्तर आहे.

या देशाशी आपले एक जुने नातेही आहे. लिथुआनियन ही आज बोलल्या जाणाऱ्या युरोपीय भाषांमधील अत्यंत प्राचीन वळणाची भाषा मानली जाते आणि संस्कृतशी तिचे साम्य भाषाशास्त्रज्ञ दीडदोनशे वर्षे नोंदवत आले आहेत. आपण अग्नी म्हणतो, ते ‘उग्निस’ म्हणतात. आपला धूम, त्यांचा ‘दूमास’. आपला सूनू, त्यांचा ‘सूनुस’. आजच्या विषयाच्या दृष्टीने यातला पहिला शब्द महत्त्वाचा आहे, कारण ही सारी कथा त्या ‘उग्निस’चीच, म्हणजे राष्ट्राच्या अग्नीची आहे.

पंच्याहत्तर दिवसांची नाकेबंदी

१९३९ साली हिटलर आणि स्टालिन यांच्या दूतांनी एका गुप्त कलमान्वये पूर्व युरोपची वाटणी केली आणि १९४० साली सोव्हिएत सैन्याने लिथुआनिया गिळंकृत केला. मध्ये तीन वर्षे नाझी टाच, आणि १९४४ पासून पुन्हा साम्यवादी राजवट. हजारो कुटुंबे सायबेरियात हद्दपार झाली. तरीही राष्ट्राची स्मृती पुसली गेली नाही. ११ मार्च १९९० रोजी व्हितौतास लांड्सबर्गिस या संगीताच्या प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली तेथील विधिमंडळाने स्वातंत्र्याची पुनःस्थापना घोषित केली. सोव्हिएत संघातून बाहेर पडण्याची अशी घोषणा करणारे ते पहिले प्रजासत्ताक होते.

मॉस्कोने काय केले? रणगाडे नंतर आले. प्रथम आली ती इंधनाची नाकेबंदी. १३ एप्रिलला गोर्बाचेव्ह यांनी निर्वाणीचा इशारा दिला : स्वातंत्र्याच्या दिशेने केलेले कायदे दोन दिवसांत मागे घ्या. विधिमंडळाने ते मागे घेतले नाहीत. १८ एप्रिलच्या रात्री माझेइकिआय येथील तेलशुद्धीकरण कारखान्याकडे येणारे तेल थांबले. पाठोपाठ नैसर्गिक वायूचा पुरवठा मोठ्या प्रमाणात कापला गेला. पेट्रोलचे रेशनिंग झाले, कारखाने बंद पडू लागले, कामगार घरी बसले. ही कोंडी जुलैच्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे पंच्याहत्तर दिवस चालली. अखेर वाटाघाटी सुरू झाल्यास स्वातंत्र्यघोषणेची अंमलबजावणी शंभर दिवस स्थगित ठेवण्याची तयारी विधिमंडळाला दाखवावी लागली, तेव्हा कुठे तेल पुन्हा वाहू लागले.

पुढे १३ जानेवारी १९९१ च्या रात्री विल्नियस येथील दूरचित्रवाणी मनोऱ्यापाशी निःशस्त्र नागरिकांवर सोव्हिएत सैन्याने रणगाडे घातले. चौदा जणांनी प्राण दिले. सप्टेंबर १९९१ मध्ये मॉस्कोने स्वातंत्र्याला मान्यता दिली. हौतात्म्याची ती रात्र लिथुआनिया दरवर्षी स्मरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु राज्यकर्त्यांनी धडा घेण्याजोगी घटना त्याआधीच घडली होती. एकही गोळी न झाडता, केवळ एक झडप फिरवून एका राष्ट्राचा गळा आवळता येतो, हे १९९० च्या वसंत ऋतूत सिद्ध झाले होते.

वारशात मिळालेली अणुभट्टी

स्वतंत्र लिथुआनियाला सोव्हिएत काळाकडून एक विलक्षण वारसा मिळाला : इग्नालिना अणुवीज प्रकल्प. देशाच्या ईशान्य टोकाला, एका मोठ्या सरोवराच्या काठी, प्रत्येकी पंधराशे मेगावॉट क्षमतेच्या दोन अणुभट्ट्या उभ्या होत्या. पहिली १९८३ च्या अखेरीस सुरू झाली, दुसरी १९८७ साली. जातकुळी चेर्नोबिलचीच, पण आकार त्याहून मोठा. त्यासाठी जंगल तोडून एक नवे नगर वसविले गेले. आज त्याचे नाव विसागिनास आहे. तेथे आलेले अभियंते आणि कामगार बहुतांशी रशियन भाषक होते. हा प्रकल्प लिथुआनियाच्या गरजेसाठी नव्हताच. सोव्हिएत संघाच्या सगळ्या वायव्य विभागाला वीज पुरविण्यासाठी तो योजलेला होता.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलचा स्फोट झाला आणि लिथुआनियन जनतेची झोप उडाली. तिसऱ्या भट्टीचे काम तेव्हा इग्नालिनात सुरू होते. सप्टेंबर १९८८ मध्ये हजारो नागरिकांनी प्रकल्पाभोवती जमून मानवी कडे केले. तिसरी भट्टी रद्द झाली. पुढे जी स्वातंत्र्य चळवळ उभी राहिली, तिच्यातला एक बळकट धागा या पर्यावरण आंदोलनाचा होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

पण स्वातंत्र्य आले आणि चित्र उलटले. नाकेबंदी अनुभवलेल्या देशाला आता तीच अणुभट्टी आधार वाटू लागली. १९९३ साली देशातील एकूण वीजनिर्मितीपैकी सुमारे अठ्ठ्याऐंशी टक्के वीज एकट्या इग्नालिनातून आली. त्या काळी जगातील कोणत्याही देशात अणुविजेचा वाटा इतका मोठा नव्हता. वीज स्वस्त होती आणि शेजाऱ्यांना विकताही येत होती. ज्या प्रकल्पाविरुद्ध लोकांनी कडे केले, तोच त्यांचा पोशिंदा झाला.

आणि इथेच एक मोठा पेच निर्माण झाला. लिथुआनियाला युरोपीय संघात प्रवेश हवा होता. पूर्वेकडील सावलीतून कायमचे बाहेर पडण्याचा तोच मार्ग दिसत होता. युरोपीय संघाने अट घातली : चेर्नोबिल पद्धतीच्या भट्ट्या बंद करा. या भट्ट्यांवर पाश्चात्त्य भट्ट्यांसारखे मजबूत संरक्षक कवच नाही, आणि कितीही सुधारणा केल्या तरी ती उणीव भरून येणार नाही, असे संघाचे म्हणणे होते. लिथुआनियाने अट मान्य केली. १ मे २००४ रोजी देश संघाचा सदस्य झाला, त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पहिली भट्टी थंडावली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी दुसरी.

जनतेला हा निर्णय सहजासहजी पचला नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये भट्टीचे आयुष्य वाढवावे का, यावर सार्वमत झाले. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांनी ‘होय’ म्हटले. पण मतदान निम्म्याच्या आतच राहिल्याने कौल ग्राह्य धरला गेला नाही. करार पाळायचा की स्वस्त वीज राखायची, असा तो प्रश्न होता. दिलेला शब्द पाळला गेला. १ जानेवारी २०१० च्या सकाळी लिथुआनिया वीज विकणाऱ्या देशाचा वीज विकत घेणारा देश झाला होता. पुढील अनेक वर्षे त्याच्या गरजेची दोन-तृतीयांशाच्या आसपास वीज बाहेरून येत राहिली, आणि तिचा मोठा भाग पूर्वेकडूनच येत होता.

इग्नालिनाच्या जागी पाश्चात्त्य तंत्रज्ञानाची नवी भट्टी उभारण्याची योजना पुढे आली. जपानच्या हिताची कंपनीशी बोलणी झाली. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी पुन्हा सल्लात्मक सार्वमत घेतले गेले. या वेळी साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ‘नको’ म्हटले. फुकुशिमाची दुर्घटना ताजी होती आणि खर्चाचे आकडे डोळे विस्फारणारे होते. चार वर्षांच्या अंतराने त्याच जनतेने जुन्या भट्टीला होकार आणि नव्या भट्टीला नकार दिला, हे पाहून काही जण लोकांच्या चंचलतेला हसतील. परंतु लोकशाहीत ऊर्जाधोरण आखणे म्हणजे तज्ज्ञांनी नकाशा काढणे एवढेच नसते, याचा हा पुरावा आहे. खर्च लोक सोसणार असतात आणि धोकाही तेच सोसणार असतात. त्यांना पटवून द्यावे लागते.

‘मैत्री’ची नळी

अणुभट्टी बंद झाल्यावर विजेसाठी वायू जाळणे आले. वायू येत होता तो बेलारूसमार्गे येणाऱ्या एकाच वाहिनीने, एकाच विक्रेत्याकडून, म्हणजे रशियाच्या गाझप्रोमकडून. त्यातही गंमत अशी की, ज्या लिथुआनियन कंपनीने हा वायू विकत घ्यायचा, तिच्यात गाझप्रोमचीच सदतीस टक्के भागीदारी होती. दुकानदारच गिऱ्हाइकाच्या घरी कारभारी असावा, तसा हा प्रकार. परिणामी, युरोपीय संघात वायूसाठी सर्वाधिक दर मोजणाऱ्या देशांत या छोट्या देशाची गणना होऊ लागली.

तेलाची कथाही निराळी नाही. सोव्हिएत काळात पूर्व युरोपला तेल नेणारी जी महावाहिनी घातली गेली, तिचे नाव ‘द्रुझ्बा’. रशियन भाषेत याचा अर्थ मैत्री. माझेइकिआयचा कारखाना या मैत्रीच्या एका शाखेवर जगत होता. २००६ साली हा कारखाना विकण्याचे ठरले आणि तो पोलंडच्या कंपनीकडे जाणार हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस त्या शाखेतून येणारे तेल थांबले. रशियाने गळतीचे कारण दिले. ती गळती आजतागायत दुरुस्त झालेली नाही.

मग कारखाना बंद पडला का? नाही. कारण १९९९ सालीच लिथुआनियाने बुटिंगे येथे समुद्रात स्वतःचे तेल टर्मिनल उभारून ठेवले होते. ते बांधताना हा खर्च कशासाठी, नळीने तेल येतेच आहे, असे म्हणणारे कमी नव्हते. सात वर्षांनी त्याच टर्मिनलने कारखाना वाचविला. जहाजांनी येणारे तेल महाग पडले, पण येत राहिले. गरज लागण्यापूर्वी खणलेली विहीर ती हीच.

जहाज आले

तेलाच्या बाबतीत जे साधले, ते वायूच्या बाबतीत का साधू नये? राष्ट्राध्यक्षा दालिआ ग्रिबाउस्कायते यांच्या कारकिर्दीत या विचाराने जोर धरला. नैसर्गिक वायू उणे एकशे बासष्ट अंश तापमानापर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि त्याचे आकारमान सहाशे पटींनी घटते. मग तो जहाजातून जगात कुठेही नेता येतो. आपल्या दाभोळच्या किनाऱ्यावर असा द्रवरूप वायू उतरवून घेण्याची सोय आहे. लिथुआनियाने जमिनीवर टाक्या बांधण्याऐवजी तरते टर्मिनल निवडले : जहाजच टाकी आणि जहाजच पुन्हा वायू करणारे संयंत्र. ते लवकर उभे राहते, हा त्याचा मोठा गुण.

बाल्टिक किनाऱ्यावरील तिन्ही देशांनी मिळून एकच टर्मिनल बांधावे, अशी चर्चा वर्षानुवर्षे चालली होती. ते कोणाच्या किनाऱ्यावर असावे, यावर एकमत होईना. शेवटी लिथुआनियाने ठरविले, वाट पाहत बसायचे नाही, एकट्याने करायचे. दक्षिण कोरियाच्या उल्सान येथील गोदीत जहाज बांधले गेले. लांबी जवळपास तीनशे मीटर, पोटात एक लाख सत्तर हजार घनमीटर द्रवरूप वायू मावेल एवढी जागा. नॉर्वेच्या एका कंपनीकडून ते दहा वर्षांच्या भाडेकराराने घेतले. आणि त्याला नाव दिले ‘इंडिपेंडन्स’, अर्थात ‘स्वातंत्र्य’.

२७ ऑक्टोबर २०१४ रोजी क्लायपेडा बंदरात हे जहाज दाखल झाले, तेव्हा किनाऱ्यावर नागरिकांची गर्दी लोटली होती. राष्ट्राध्यक्षा स्वतः उपस्थित होत्या. ज्या छोट्या बेटापाशी ते कायमचे नांगरले गेले, त्याचे स्थानिक नाव आहे ‘किआउलेस नुगारा’, म्हणजे ‘डुकराची पाठ’. इतक्या अनलंकृत नावाच्या जागी एवढे उदात्त नाव येऊन विसावले!

परिणाम जहाज येण्यापूर्वीच दिसला. टर्मिनल होणार हे अटळ दिसू लागताच, मे २०१४ मध्ये गाझप्रोमने लिथुआनियाचा दर वीस टक्क्यांहून अधिक उतरविला. ज्याच्याकडे दुसरा पर्याय असतो, त्याच्याशीच विक्रेता सौजन्याने बोलतो. व्यापारातले हे जुने सत्य राष्ट्रांनाही लागू पडते.

तरीही टीका थांबली नाही, आणि ती सर्वस्वी निराधार होती असेही म्हणता येणार नाही. पहिली काही वर्षे टर्मिनलची बरीचशी क्षमता पडून राहिली. भाडे मात्र रोज चढत होते आणि ते वायू वापरणाऱ्यांच्या देयकातून वसूल होत होते. ‘स्वातंत्र्य’ फार महाग पडले, अशी कुरकुर खुद्द देशातच होती. पण विम्याचा हप्ता भरतानाही असेच वाटते. संकट येईपर्यंत तो वाया गेलेला पैसा दिसतो.

संकट २०२२ साली आले. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. सारा युरोप वायूच्या चिंतेने हादरला. मोठमोठी औद्योगिक राष्ट्रे पुतिन यांची मर्जी सांभाळत निर्बंधांची चर्चा करत राहिली. आणि एप्रिलच्या आरंभी या चिमुकल्या देशाने जाहीर केले की, आपल्या गरजेसाठी रशियन वायूचा एक थेंबही यापुढे घेतला जाणार नाही. युरोपीय संघात असा निर्णय अमलात आणणारा तो पहिला देश होता. मे महिन्यात रशियन विजेची खरेदीही थांबली. त्याच महिन्यात पोलंडला जोडणारी पाचशे किलोमीटरहून लांब वायुवाहिनी सुरू झाली आणि क्लायपेड्याला उतरलेला वायू लॅटव्हिया, पोलंड या शेजाऱ्यांकडे वाहू लागला. ज्या जर्मनीला तोवर स्वतःचे एकही द्रवरूप वायूचे टर्मिनल नव्हते, तिने त्या वर्षी धावपळ करून तरती टर्मिनले भाड्याने घेतली. लिथुआनियाने ती वाट आठ वर्षे आधी चोखाळली होती.

किंमत मोजावी लागलीच. २०२२ मध्ये तेथील महागाईचा दर वीस टक्क्यांच्या पुढे गेला. सरकारला वीज आणि वायूच्या दरांत नागरिकांना मोठे साहाय्य करावे लागले. पण थंडीत घरे गार पडली नाहीत आणि सरकारला कोणाच्या दारी जावे लागले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भाडेकरार संपला आणि जहाजाची मालकी लिथुआनियाच्या सरकारी कंपनीकडे आली. ‘स्वातंत्र्य’ आता खऱ्या अर्थाने स्वतःचे झाले.

लाकडाचा भुसा आणि वारा

केवळ विक्रेता बदलला म्हणजे स्वावलंबन होत नाही. वायू रशियाऐवजी अमेरिकेकडून किंवा नॉर्वेकडून घेतला, तरी तो विकतचाच. खरे स्वावलंबन स्वतःच्या भूमीतून येते. या बाबतीत लिथुआनियाने दोन गोष्टी केल्या आणि त्यातली पहिली फारशी गाजलेली नाही.

थंड प्रदेशात घर तापविणे ही चैन नसून जगण्याची अट असते. लिथुआनियाच्या शहरांत एका मध्यवर्ती केंद्रात पाणी तापवून ते नळांद्वारे इमारतींमध्ये फिरविण्याची पद्धत सोव्हिएत काळापासून आहे. २००० साली ही केंद्रे जवळपास सर्वस्वी वायू आणि खनिज तेलावर चालत. देशाचा एक-तृतीयांश भाग वनाच्छादित आहे. लाकूडकामातून उरणारा भुसा, फांद्या, चुरा हे सारे जाळून पाणी तापविता येते, हा साधा विचार हळूहळू रुजला. नगरपालिकांनी भट्ट्या बदलल्या. लाकडी इंधनाच्या खरेदी-विक्रीसाठी एक खुला बाजार स्थापन झाला, त्यामुळे भाव पारदर्शक राहिले. २०१७ च्या सुमारास या केंद्रांतील दोन-तृतीयांश उष्णता लाकडी इंधनापासून मिळू लागली होती. गावच्या जंगलातला चुरा गावचेच घर उबदार करू लागला आणि बाहेर जाणारा पैसा घरात राहिला. यात कोणतेही चमत्कारिक तंत्रज्ञान नव्हते. चिकाटी आणि व्यवस्था होती.

दुसरी गोष्ट वारा आणि सूर्य यांची. समुद्रकिनारा आणि सपाट प्रदेश लाभलेल्या या देशात पवनचक्क्यांची संख्या वेगाने वाढली, घरांच्या छपरांवर सौर तावदाने आली. देशाची वार्षिक गरज साधारण बाराशे कोटी युनिट. २०२४ साली त्यातील निम्म्याहून अधिक वीज देशातच निर्माण झाली आणि तिच्यात पवनऊर्जेचा वाटा सर्वांत मोठा होता. वारा पडला की काय, या प्रश्नालाही उत्तर आहे. क्रुओनिस येथे नऊशे मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे : वीज मुबलक असताना पाणी वरच्या तलावात चढवायचे, टंचाई होताच ते खाली सोडून वीज करायची. आपल्याकडे घाटघरला याच तत्त्वावरचा लहान प्रकल्प आहे. क्रुओनिस बांधले गेले ते इग्नालिनाची रात्रीची शिल्लक वीज साठविण्यासाठी. भट्टी गेली, तलाव राहिला. आता तो वाऱ्याची वीज साठवतो.

ठेका कोणाचा?

एवढे सारे झाल्यावरही एक बेडी शिल्लक होती, आणि ती डोळ्यांना न दिसणारी होती. वीजवाहिन्यांच्या एका जाळ्यात जोडलेली सारी जनित्रे एकाच लयीत फिरावी लागतात. सेकंदाला पन्नास आवर्तने. ढोल-ताशा पथकात शेकडो ढोल एका ताशाच्या ठेक्यावर वाजतात, तसेच हे आहे. एकाचा ठेका चुकला की सारे पथक विस्कटते. बाल्टिक देशांची जनित्रे ज्या जाळ्यात होती, त्याचा ठेका मॉस्कोहून धरला जात असे. युरोपीय संघाचे आणि नाटोचे सदस्य होऊन वीस वर्षे लोटली, तरी विल्नियसच्या दिव्यांची लय मॉस्कोच्या नियंत्रणकक्षातून ठरत होती. एखाद्या रात्री मॉस्कोने हात काढून घेतला असता, तर?

जाळे बदलणे हे तार उपटून दुसरीकडे खोचण्याइतके सोपे नसते. आपल्या देशातही उत्तरेकडील जाळे आणि दक्षिणेकडील जाळे दीर्घकाळ वेगळ्या लयीत चालत होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली, तेव्हा कुठे सारा भारत एका लयीत आला. लिथुआनियाला जोडायचे होते आणि त्याआधी तोडायचेही होते. तयारीला दीड दशक लागले. २०१५ च्या डिसेंबरात पोलंडला जोडणारी पाचशे मेगावॉटची वाहिनी आणि समुद्राखालून स्वीडनला जोडणारी सातशे मेगावॉटची केबल पूर्ण झाली. जाळ्याची लय स्थिर ठेवणारी अवजड फिरती यंत्रे तिन्ही देशांत मिळून नऊ बसविली गेली. दोनशे मेगावॉटच्या विद्युतघटांचे संच उभारले. एप्रिल २०२३ मध्ये लिथुआनियाने काही तास एकट्याने जाळे चालवून चाचणीही घेतली. तिन्ही देशांचा मिळून खर्च सुमारे एकशे साठ कोटी युरो. त्यातील तीन-चतुर्थांश युरोपीय संघाने उचलला.

अडथळेही आले. लिथुआनियाच्या सीमेपलीकडे, राजधानीपासून अवघ्या पन्नास किलोमीटरच्या अंतरावर, बेलारूसने रशियाच्या साहाय्याने अस्त्रावेत्स येथे अणुवीज प्रकल्प उभारला. त्याची वीज घ्यायची नाही, असा कायदा लिथुआनियाने आधीच, २०१७ साली केला होता. २०२० मध्ये तो प्रकल्प सुरू झाला. स्वस्त वीज दारात उभी असताना दार लावून घेण्याचा तो निर्णय टिकला. २५ डिसेंबर २०२४ रोजी, नियोजित मुहूर्ताला जेमतेम सहा आठवडे उरले असताना, एस्टोनिया आणि फिनलंड यांना जोडणारी समुद्राखालील वीजकेबल तुटली. तरीही तारीख बदलली नाही.

८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी रशिया आणि बेलारूसकडे जाणाऱ्या वाहिन्या एकामागून एक उघडण्यात आल्या. एक दिवसभर लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया हे तिन्ही देश कोणाच्याही आधाराविना, स्वतःच्या लयीत चालले. दुसऱ्या दिवशी, ९ फेब्रुवारीच्या दुपारी, पोलंडमार्गे त्यांचे जाळे मुख्य युरोपच्या जाळ्याशी जोडले गेले. घराघरातले दिवे लुकलुकलेसुद्धा नाहीत. सामान्य नागरिकाला काही घडले हे कळलेही नाही, आणि हेच त्या अभियंत्यांचे सर्वांत मोठे यश.

हिशेबाची वही

ही कथा निर्भेळ विजयगाथा म्हणून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लिथुआनिया आजही काही वीज आयात करतो. तेल बाहेरून येते आणि द्रवरूप वायूही. विसागिनास नगरातील हजारो कुटुंबांचा रोजगार भट्टीबरोबर गेला. ती भट्टी मोडण्याचे काम २०३० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालणार आहे. चेर्नोबिलवरील गाजलेल्या मालिकेचे चित्रीकरण त्या परिसरात झाले, आता तेथे पर्यटक येतात. पण पर्यटनाने भट्टीची जागा भरत नाही. शिवाय हे सारे युरोपीय संघाच्या भरीव अर्थसाहाय्याविना एकट्याच्या बळावर झाले असते का, हा प्रश्नही उरतोच.

मग शिकण्यासारखे काय? पहिली गोष्ट, सातत्य. या पस्तीस वर्षांत तेथे सरकारे अनेकदा बदलली. डावे आले, उजवे आले. एकमेकांवर कठोर टीका झाली. पण बुटिंगेपासून क्लायपेड्यापर्यंत आणि तेथून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत दिशा बदलली नाही. दुसरी गोष्ट, विविधता. एकच भट्टी, एकच नळी, एकच विक्रेता, असे जेव्हा जेव्हा झाले, तेव्हा तेव्हा देश अडचणीत आला. आणि तिसरी, समाजाची तयारी. जास्त पैसे मोजावे लागतील हे ठाऊक असताना लोकांनी ते मोजले, कारण १९९० चे ते पंच्याहत्तर दिवस पाहिलेले लोक घरोघरी हयात होते. आजोबांनी नातवाला सांगितलेली आठवण कित्येकदा अर्थसंकल्पातल्या तरतुदीपेक्षा बलवान ठरते.

खनिज तेलाच्या गरजेपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग आयात करणाऱ्या आपल्या देशातील श्रोत्यांना यापुढे वेगळे काही सांगण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक राष्ट्राचा भूगोल निराळा, साधने निराळी. उत्तरेही निराळीच असणार. प्रश्न मात्र सर्वांना सारखाच आहे.

क्लायपेड्याच्या बंदरात, ‘डुकराच्या पाठी’शेजारी, ते जहाज आजही उभे आहे. त्याला शिडे नाहीत, तोफा नाहीत. ते प्रवासाला निघत नाही, लढाईवर जात नाही. एका जागी उभे राहून ते निमूटपणे गोठलेल्या द्रवाचा वायू करते आणि तो नळीत सोडते. त्या वायूवर कुठे दूर एखाद्या स्वयंपाकघरात निळी ज्योत पेटते. तिला त्या घरचे लोक ‘उग्निस’ म्हणतात. ती पेटवायला आता त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.